आई कोण हे ठरेपर्यंत बाळ चालायला लागतं

लोकलच्या गर्दीत कानात हेडफोन टिकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांसाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही ठेवलाय. निवांत वाचा.

क्रिती सेननचा 'मिमी' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाईलवर बघितला असेल. तो २०२१ चा. पण ती गोष्ट मूळची मराठी. २०११ साली 'मला आई व्हायचंय' नावाचा सिनेमा आला होता, दिग्दर्शिका समृद्धी पोरे. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. परदेशी बाईला मूल हवं असतं, इथली एक बाई तिच्यासाठी ते पोटात वाढवते, मधेच परदेशी बाई 'आता नको' म्हणते, आणि मूल इथे मोठं झाल्यावर त्याला न्यायला परत येते. आता सांगा, मूल कोणाचं? पोरेबाई स्वतः वकील आहेत, त्यामुळे हा प्रश्न पडद्यावर आणताना त्यांना कोर्ट काही नवीन नव्हतं.

सिनेमात दोन-अडीच तासांत निकाल लागतो. खऱ्या कोर्टात काय होतं, ते आज बघू. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, गुजरातमधलं आणंद आणि शेवटी आपलं मुंबई उच्च न्यायालय, अशा चार ठिकाणी जायचंय. जाताना एकच गोष्ट लक्षात ठेवा: प्रत्येक खटल्यात मुलाचं वय. मी हे निकाल वाचायला घेतले तेव्हा वकिलांच्या युक्तिवादापेक्षा तोच आकडा माझ्या डोक्यात राहिला.

आधी दोन शब्द. सरोगसीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात सरोगेट बाईचं स्वतःचंच स्त्रीबीज असतं, आणि ज्याला मूल हवंय त्या पुरुषाचं शुक्राणू. म्हणजे ती रक्तानंही त्या मुलाची आई असते. दुसऱ्यात स्त्रीबीज दुसऱ्या कोणाचं तरी असतं, भ्रूण प्रयोगशाळेत तयार होतं आणि सरोगेट ते फक्त पोटात वाढवते. भांडणाचा इतिहास पहिल्या प्रकारापासून सुरू होतो.

खिडकीतून बाहेर दिलेलं बाळ

फेब्रुवारी १९८५. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात विल्यम स्टर्न नावाचे एक बायोकेमिस्ट होते. त्यांचे बहुतेक नातेवाईक हिटलरच्या काळातल्या ज्यूंच्या हत्याकांडात गेले होते, त्यामुळे आपल्या रक्ताचं मूल असावं ही त्यांची फार इच्छा. त्यांची बायको एलिझाबेथ लहान मुलांची डॉक्टर. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस असण्याची शक्यता होती आणि गरोदरपणात तो बळावेल अशी भीती. म्हणून न्यूयॉर्कमधल्या एका केंद्रामार्फत त्यांनी मेरी बेथ व्हाइटहेड या बाईशी करार केला. मेरी बेथला स्वतःची दोन मुलं, शाळा अर्धवट सुटलेली, नवरा कचरागाडीवर कामाला. मोबदला १० हजार डॉलर्स. स्त्रीबीज मेरी बेथचंच. मूल झालं की ते स्टर्न दांपत्याच्या हाती द्यायचं, स्वतःचे हक्क सोडायचे, आणि एलिझाबेथनं त्याला दत्तक घ्यायचं, असं ठरलं.

२७ मार्च १९८६ ला मुलगी झाली. तीन दिवसांनी मेरी बेथनं ती स्टर्न यांच्याकडे दिली. दुसऱ्याच दिवशी परत आली, म्हणाली, मला तिच्याशिवाय जगवत नाही, थोडे दिवस तरी माझ्याकडे द्या. ती जिवाचं काही बरंवाईट करून घेईल या भीतीनं स्टर्न यांनी बाळ दिलं. मग तिनं परत करायला नकार दिला.

आता बघा गंमत. गंमत कसली, शोकांतिकाच. मेच्या सुरुवातीला पोलीस कोर्टाचा हुकूम घेऊन तिच्या घरी गेले. स्टर्न त्या मुलीला मेलिसा म्हणत होते. मेरी बेथनं पुढे केलेल्या जन्मदाखल्यावर नाव होतं सारा एलिझाबेथ व्हाइटहेड, आणि वडिलांच्या जागी मेरी बेथच्या नवऱ्याचं नाव. हुकूम बजावायला आलेली माणसं गोंधळली. नाव नक्की कोणतं याची हुज्जत चालू असताना बाळ खिडकीतून बाहेर नवऱ्याच्या हातात गेलं. मग सगळं कुटुंब फ्लोरिडात पसार. पुढचे तीन महिने ते बाळ जवळपास वीस वेगवेगळ्या हॉटेलांत आणि घरांत राहिलं. हे सगळं न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदलेलं आहे.

फ्लोरिडाच्या पोलिसांनी बाळ शोधून स्टर्न यांच्याकडे आणलं. खटला उभा राहिला, जगभर 'बेबी एम' म्हणून गाजला. ३२ दिवसांची सुनावणी. त्यात तज्ज्ञ मंडळी मेरी बेथ किती 'योग्य' आई आहे ते मोजत होती. एका तज्ज्ञानं तर तिनं बाळाला खेळायला भांडी-चमचे द्यायच्या ऐवजी मऊ पांडा दिले, यावरही बोट ठेवलं. तेव्हा अमेरिकेतल्या शंभराहून जास्त नामवंत बायकांनी जाहीर पत्रक काढलं, की या मापानं मोजलं तर आम्ही सगळ्याच अयोग्य आया आहोत.

३१ मार्च १९८७ ला खालच्या कोर्टाचे न्यायाधीश हार्वी सोर्को यांनी निकाल दिला: करार वैध, मेरी बेथचे सगळे हक्क संपले. त्याच दिवशी एलिझाबेथकडून दत्तकविधीही उरकून घेतला.

३ फेब्रुवारी १९८८ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हे उलटवलं. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेंट्झ यांनी लिहिलं, की पैसे देऊन आईचे हक्क सोडवून घेणं म्हणजे मूल विकत घेण्यासारखं आहे, आणि सुसंस्कृत समाजात काही गोष्टी पैशानं विकत घेता येत नाहीत. करार रद्द. दत्तक रद्द. कायद्यानं आई मेरी बेथच.

पण ताबा? ताबा वडिलांकडे, म्हणजे स्टर्न यांच्याकडेच राहिला. आईला भेटीचा हक्क. कारण करार गेला तरी 'मुलीचं हित कशात' हा प्रश्न उरतोच, आणि तोवर मुलगी दीड वर्ष त्याच घरात वाढली होती.

पहिला आकडा लिहून घ्या: त्या दिवशी 'बेबी एम' २२ महिन्यांची होती. ती चालत होती, बोलत होती, आणि घरातली माणसं ओळखत होती. पुढे २००४ साली, १८ वर्षांची झाल्यावर, एलिझाबेथनं तिला दत्तक घेण्याची प्रक्रिया तिच्या स्वतःच्या संमतीनं पूर्ण झाली. रद्द झालेलं दत्तक सोळा वर्षांनी पुन्हा झालं. फरक इतकाच, की या वेळी जिचा प्रश्न होता तिला विचारलं गेलं.

दोन आया आणि एक टाय-ब्रेकर

'बेबी एम'मधून क्लिनिकवाल्यांनी धडा घेतला: सरोगेटचं स्वतःचं स्त्रीबीज नकोच. तोपर्यंत टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र रुळत होतं. 'बेबी एम' जन्मली त्याच वर्षी, ऑगस्ट १९८६ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली होती. बीज एकीचं, पोट दुसरीचं, हे आता शक्य होतं. सगळ्यांना वाटलं, रक्ताचं नातंच नाही म्हटल्यावर भांडण कशाला होईल?

झालंच. कॅलिफोर्नियातल्या क्रिस्पिना कॅल्व्हर्ट यांचं गर्भाशय शस्त्रक्रियेत काढलं होतं, पण अंडाशय शाबूत होती. त्यांच्या आणि नवऱ्याच्या बीजांपासून भ्रूण तयार झालं, ते ॲना जॉन्सन या बाईच्या पोटात वाढलं. मोबदला इथेही १० हजार डॉलर्स. गरोदरपणातच दोन्ही बाजूंचं बिनसलं आणि सप्टेंबर १९९० मध्ये मुलगा जन्मायच्या आधीच प्रकरण कोर्टात गेलं.

आता कॅलिफोर्नियाच्या कायद्याची पंचाईत बघा. त्या कायद्यानुसार बाळंत झाल्याचा पुरावा दिला तरी बाई आई ठरते, आणि रक्ताच्या नात्याचा पुरावा दिला तरी आई ठरते. कायदा लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की हे दोन्ही पुरावे एकाच बाईचे असणार. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ओळखून आहोत. डेटाबेसमध्ये 'आई' असा एक रकाना, एकच नाव मावणार, आणि समोर दोन खऱ्या नोंदी. सिस्टीम अडकते.

दोघींनाही आई म्हणा, असंही कोर्टाला सुचवलं गेलं होतं. कोर्टानं नकार दिला. २० मे १९९३ च्या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं टाय-ब्रेकर म्हणून नवी कसोटी आणली: इरादा. हे मूल जन्माला यावं आणि आपण ते वाढवावं, असा बेत मुळात कोणाचा होता? क्रिस्पिनाचा. म्हणून आई क्रिस्पिना.

एका न्यायमूर्तींना हे पटलं नाही. जॉइस केनर्ड यांनी वेगळं मत लिहिलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: तुम्ही बीज कोणाचं, पोट कोणाचं, इरादा कोणाचा हे सगळं तपासलं. म्हणजे सगळं मोठ्या माणसांबद्दलच. मुलाचं हित कोणत्या घरात आहे, ही कसोटी का नाही लावली? नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या बाईचा वाटा असा इराद्याच्या एका शब्दानं पुसून टाकता येणार नाही, असंही त्यांचं म्हणणं होतं.

केनर्ड हरल्या, बहुमत दुसरीकडे होतं. पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत कामाचा प्रश्न त्यांनीच विचारला. दुसरा आकडा: निकालाच्या दिवशी तो मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा होता.

आणंद: आईचा रकाना रिकामा

आता आपल्याकडे येऊ. आणंद म्हटलं की आपल्याला अमूल आठवतं. पण २००० नंतरच्या दशकात जगभरची वर्तमानपत्रं आणंदबद्दल वेगळ्याच कारणासाठी लिहीत होती. डॉ. नयना पटेल यांच्या आकांक्षा क्लिनिकमुळे हे गाव सरोगसीचं केंद्र झालं होतं. भारतात यावर कायदा नव्हता. आयसीएमआरनं २००५ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, पण त्यांना कायद्याचं बळ नव्हतं. परदेशातून जोडपी यायची, करार व्हायचे, बाळ घेऊन जायची.

२००७ साली जपानमधून असंच एक जोडपं आलं. भ्रूणासाठी बीज नवऱ्याचं आणि एका अनामिक भारतीय दात्रीचं. सरोगेट गुजरातमधलीच. म्हणजे बघा, या एका बाळाच्या तीन आया झाल्या: जिनं बीज दिलं ती, जिनं पोटात वाढवलं ती, आणि जिनं करारावर सही केली ती.

जून २००८ मध्ये जोडप्याचा घटस्फोट झाला. २५ जुलैला मुलगी जन्मली. करारावर सही केलेल्या बाईला आता मूल नको होतं. सरोगेटचं काम करारापुरतं संपलं होतं. बीज देणारी तर मुळातच अनामिक. तिन्ही आया असून एकही नाही. वडिलांना मात्र मुलगी हवी होती.

दुसऱ्याच दिवशी, २६ जुलैला, अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. वातावरण तंग, म्हणून बाळाला जयपूरच्या एका रुग्णालयात हलवलं. आणंद नगरपालिकेनं जन्मदाखला दिला, त्यावर वडिलांचं नाव होतं, आईचा रकाना कोरा. जपानच्या कायद्यानं जी बाळंत होते तीच आई. आधीच्याच वर्षी, मार्च २००७ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एका दुसऱ्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं होतं. म्हणजे जपानच्या लेखी ही मुलगी भारतीय बाईची, तिला जपानी पासपोर्ट नाही. भारतीय पासपोर्ट काढायचा तर आई कोण ते सांगा. दत्तक घ्यायचं तर एकट्या पुरुषानं मुलगी दत्तक घेण्यात अडचण.

वडिलांचा व्हिसा संपला, त्यांना परत जावं लागलं. मग जपानहून आजी आली. अनोळखी देश, अनोळखी भाषा, आणि ही आजी जयपूरमध्ये तान्ह्या नातीला घेऊन बसली. तेवढ्यात जयपूरच्या एका संस्थेनं राजस्थान उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला, की सरोगसीच्या नावाखाली मुलांचा धंदा चाललाय, बाळ कोर्टासमोर हजर करा. आजीनं सर्वोच्च न्यायालय गाठलं.

२९ सप्टेंबर २००८ ला न्यायमूर्ती अरिजित पसायत यांच्या खंडपीठाचा निकाल आला. हा 'बेबी मांजी यामादा' खटला. भारतातल्या सरोगसीबद्दल बोलताना त्याचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. मी मोठ्या अपेक्षेनं वाचायला घेतला. त्यात सरोगसीचे प्रकार समजावले आहेत. कोणाला तक्रार असेल तर बालहक्क आयोगाकडे जा, असं म्हटलंय. बाळाच्या प्रवासाच्या कागदपत्रांचा निर्णय सरकारनं लवकर घ्यावा, असं म्हटलंय. आई कोण, हे मात्र ठरवलेलं नाही. आणि खरं सांगू? त्या वेळी तेच शहाणपणाचं होतं. त्या मुलीला तेव्हा तत्त्वज्ञान नको होतं, घरी जायला कागद हवा होता.

जयपूरच्या पासपोर्ट कार्यालयानं ओळखीचं प्रमाणपत्र दिलं, जपाननं माणुसकीच्या नात्यानं एक वर्षाचा व्हिसा दिला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला आजी-नात जपानला गेल्या. तिसरा आकडा: तीन महिन्यांहून थोडी मोठी. आपल्या यादीत सर्वांत लहान. कारण इथे कोणी कोणाशी भांडत नव्हतं, अडला होता तो फक्त फॉर्म.

त्याच आणंदमध्ये त्याच वर्षी जानेवारीत एका जर्मन जोडप्यासाठी जुळे मुलगे जन्मले होते. जर्मनीत सरोगसीला मान्यता नाही, म्हणून जर्मनी त्यांना घेईना. वडिलांनी मुलांसाठी भारतीय पासपोर्ट मागितले. नोव्हेंबर २००९ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं सांगितलं, की जिनं जन्म दिला ती सरोगेट भारतीय, म्हणून मुलंही भारतीय. म्हणजे इथे आई ठरली बाळंत झालेली बाई, जी स्वतः मुलांवर हक्क सांगतही नव्हती. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेवटी दत्तकाच्या मार्गानं वाट काढून २०१० मध्ये मुलं जर्मनीला गेली. चौथा आकडा: दोन वर्षं उलटून गेलेली.

आता हिशोब मांडा. १९८८ मध्ये आई म्हणजे जिचं रक्त आणि पोट. १९९३ मध्ये जिचा इरादा. २००८ मध्ये कोणीच नाही. २००९ मध्ये फक्त जिचं पोट. चार कोर्टं, चार उत्तरं. आणि प्रत्येक उत्तर त्या त्या निकालात वाचलं तर बिनतोड वाटतं!

मग कायदा आला

विधी आयोगानं २००९ मध्ये अहवाल दिला. २०१५ मध्ये परदेशी लोकांसाठी भारतातली सरोगसी बंद झाली. आणि अखेर सरोगसी नियमन कायदा, २०२१ आला, २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. पैसे घेऊन सरोगसी बंद, फक्त दवाखान्याचा खर्च आणि विमा. सरोगेट विवाहित किंवा कधीतरी विवाह झालेली, २५ ते ३५ वयाची, स्वतःचं मूल असलेली, आणि आयुष्यात एकदाच. तिनं स्वतःचं बीज द्यायचं नाही.

ताब्याच्या दृष्टीनं यातली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. सरोगसी सुरू होण्याआधीच, मूल जन्मायच्या कितीतरी आधी, जोडप्यानं आणि सरोगेटनं मिळून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि होणाऱ्या मुलाचे आई-वडील कोण, ताबा कोणाकडे, याचा आदेश घ्यायचा. जन्मानंतर तोच आदेश जन्माचं प्रतिज्ञापत्र म्हणून चालतो. शिवाय असं मूल त्या जोडप्याचं जैविक मूलच मानलं जाईल, आणि काही झालं तरी त्याला टाकून देता येणार नाही, असंही कायदा सांगतो. म्हणजे मांजीच्या बाबतीत कोरा राहिलेला तो रकाना आता गर्भधारणेच्या आधीच भरला जातो.

मुलाच्या बाजूनं बघितलं तर हे चांगलंच आहे. पण याची किंमत कोण देतं तेही बघा. सरोगेटला संमती मागे घेता येते, पण कधीपर्यंत? भ्रूण तिच्या गर्भाशयात ठेवेपर्यंत. त्यानंतर नाही. मेरी बेथसारखी एखादी बाई आज आपल्याकडे बाळंतपणानंतर म्हणाली की मला हिच्याशिवाय जगवत नाही, तर कायद्यात तिच्यासाठी दार नाही. पैसे नाहीत, बाळ नाही, मन बदलायची मुभाही नाही. पैशाचा व्यवहार बंद केल्यावर मागे राहिली ती बहुतेक वेळा नात्यातलीच कोणीतरी: बहीण, वहिनी, जाऊ. आणि घरातल्या माणसाला नाही म्हणणं किती सोपं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

भांडण घरात आलं

आता शेवटचा मुक्काम, मुंबई उच्च न्यायालय, ऑगस्ट २०२४. न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांच्यासमोरचं प्रकरण. इथे सरोगेट भांडत नव्हतीच. भांडण होतं नवरा-बायकोचं.

एका जोडप्यानं २०१८ मध्ये, म्हणजे कायदा येण्याआधी, सरोगसीचा करार केला. बायकोचं बीज वापरता येत नव्हतं, म्हणून तिच्या धाकट्या बहिणीनं बीज दिलं. २०१९ मध्ये जुळ्या मुली झाल्या. मधल्या काळात धाकटीवर मोठा आघात झाला, अपघातात तिनं नवरा आणि मुलगी गमावली. २०२१ मध्ये मोठीचं नवऱ्याशी बिनसलं. नवरा मुलींना घेऊन वेगळा राहायला लागला, आणि मुलींना सांभाळायला धाकटी बहीण तिथे आली. मोठीनं मुलींना भेटायची परवानगी मागितली. खालच्या कोर्टानं अर्ज फेटाळला. नवऱ्याचं म्हणणं: बीज मेहुणीचं, म्हणून खरी आई ती. बायकोचा मुलींवर हक्कच नाही.

उच्च न्यायालयानं हे मान्य केलं नाही. २००५ च्या त्या आयसीएमआरच्या तत्त्वांचा आधार घेऊन, ज्यांना एकेकाळी कोणी विचारत नव्हतं, सांगितलं की बीज देणारी फार तर जनुकीय आई म्हणता येईल, पण त्यामुळे तिला आईचे कायदेशीर हक्क मिळत नाहीत. करारावर ज्यांनी पालक म्हणून सह्या केल्या, तेच पालक. मोठीला दर आठवड्याच्या शेवटी तीन तास मुलींना भेटू द्यावं, असा आदेश झाला.

शेवटचा आकडा: मुली तोवर पाच वर्षांच्या. दीड वर्षाच्या असताना घरातून गेल्या होत्या. तीन वर्षांहून जास्त काळ आईपासून लांब, आणि भेट आठवड्याला तीन तास. मोठी खटला जिंकली खरी. पण दीड ते पाच या वयात मूल आई म्हणायला शिकतं, ती कोणाला म्हणायला शिकतं हे कोर्टाच्या तारखांवर अवलंबून राहिलं. धाकटीचंही वाईट वाटतं. यात खलनायक शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही.

माझं म्हणणं

या सगळ्या इतिहासात 'आई कोण' हा प्रश्न फार शिकल्यासवरल्या माणसांनी फार हुशारीनं सोडवला. देवकी-यशोदेच्या देशात आपल्याला तर तो प्रश्न फारच आवडतो. पण तो सुटेपर्यंत मूल ज्याच्या घरी वाढतं, त्याचंच ते होत जातं. 'बेबी एम'मध्ये करार रद्द झाला तरी ताबा हलला नाही, तो याचमुळे. म्हणून ताब्याच्या खटल्यात उशीर हाच अर्धा निकाल असतो. जो मुलाला धरून बसतो, त्याच्या बाजूनं दिवस मोजले जातात.

२०२१ च्या कायद्यानं जोडपं आणि सरोगेट यांच्यातलं भांडण आधीच मिटवून टाकलं. पण जोडपंच फुटलं तर? तिथे नेहमीचाच रस्ता: अर्ज, तारीख, पुढची तारीख. मला वाटतं, जो आदेश आपण जन्माआधी काढतो, त्यातच हेही लिहिलेलं हवं, की पुढे दोघं वेगळे झाले तर पहिल्या महिन्यापासून मुलाला दोघांची भेट मिळेल, अपील होईपर्यंत थांबायचं नाही. नवीन लग्नाळू जोडप्यांना घटस्फोटाचं बोलणं अशुभ वाटतं, मान्य. पण सरोगसीपर्यंत पोचलेलं जोडपं इतक्या सह्या करतं, त्यात आणखी एक. आणि सुनावणीच्या वेळी केनर्डबाईंचा प्रश्न कोणीतरी मोठ्यानं विचारायला हवा: मोठ्यांचं सगळं ऐकलं, आता या मुलाच्या बाजूनं कोण बोलणार?

'बेबी एम'ला तो प्रश्न विचारला गेला तेव्हा ती १८ वर्षांची होती.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्यापैकी कोणी कायद्याचा अभ्यास करत असेल, कुटुंब न्यायालयात काम करत असेल, तर भेटीच्या आदेशांना प्रत्यक्षात किती वेळ लागतो ते मला जरूर कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. आणि घरात कोणाशी या विषयावर वाद झालाच, तर आधी मुलाचं वय विचारा. भेटूया पुढच्या भागात.